झिजलेली तबकडी

छंदिष्ट माणसाची थट्टा करणें हा आपल्या वाङ्मयांतील एक सोपा विनोद होऊन बसला आहे. पोस्टाचीं तिकिटें, जुनीं नाणीं, काड्यांच्या पेट्यांवरील चित्रें असें कांहीं तरी जमविणारा गृहस्थ लघुनिबंधांत किंवा विनोदी कथेंत आला, कीं त्याची पत्नी त्रासलेली असावयाची, घरांत पाय ठेवावयास जागा नसावयाची, आणि शेवटीं तो सारा संग्रह रद्दीवाल्याच्या तराजूंत जावयाचा, हें जणूं ठरूनच गेलेलें आहे. ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या जमविणारा मनुष्यहि ह्याच पंगतींत बसविला जातो. त्याचे चमत्कारिक रीतिरिवाज वर्णन करून लेखक वाचकाला हंसवितो आणि निरोप घेतो. त्या रीतिरिवाजांच्या मागें कोणती रुचि आहे, ती निकोप आहे कीं नाहीं, आणि आपल्या संगीताच्या इतिहासावर तिचा परिणाम काय झाला, हे प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं.

ते विचारले पाहिजेत, असें मला वाटतें. तिकिटांच्या संग्राहकानें एखादें तिकीट नापसंत केलें, म्हणून त्या तिकिटावर गेलेलें पत्र पोंचलेंच नाहीं असें होत नाहीं. तबकड्यांच्या संग्राहकाची गोष्ट निराळी आहे. १९०२ सालच्या नोव्हेंबरांत फ्रेड गायस्बर्गनें कलकत्त्यास गोहरजानसारख्या गायिकांचे आवाज मुद्रित केले. तेव्हांपासून पुढील साठाहून अधिक वर्षें आपलें गाणें ज्या लाखेच्या तबकड्यांत सांठविलें गेलें, त्यांचें पद्धतशीर जतन करण्याचें फारसें कोणी मनावर घेतलें नाहीं. आज त्यांपैकीं जें ऐकूं येतें, तें पुष्कळ अंशीं खाजगी घरांतील कपाटांतून आलेलें आहे. कोणती तबकडी घरीं न्यावी आणि कोणती ढिगांत परत टाकावी हें ठरविणारा हा मनुष्य अशा रीतीनें नकळत टीकाकाराचें काम करीत आला आहे. आणि ज्या अर्थीं तो टीकाकार आहे, त्या अर्थीं त्याच्या कसोट्यांची परीक्षा करण्याचा हक्क इतरांसहि पोंचतो.

प्रथम त्याच्या संवयी पाहूं. मुंबईचा चोरबाजार असो, पुण्याचा जुना बाजार असो, किंवा कलकत्त्याची फ्री स्कूल स्ट्रीट असो. तबकड्यांच्या ढिगापुढें उकिडवा बसलेला संग्राहक लांबूनच ओळखूं येतो. तो तबकडी चिमटींत धरीत नाहीं. तिची कड अंगठ्याच्या मुळाशीं टेकवून मधलें लेबल तो बोटांच्या टोकांवर तोलतो. कारण बोटाचा तेलकट ठसा चरांत उमटला, कीं तेथें धूळ कायमची वस्तीस येते. मग ती तो उजेडाकडे तिरपी करतो. समोरून काळी कुळकुळीत दिसणारी तबकडी तिरप्या उजेडांत आपलें पूर्वायुष्य सांगूं लागते. राखट पडलेलें वलय म्हणजे बोथट सुईनें खरवडलेला भाग. केसासारखी रेघ दिसली तरी ती ऐकूं येईलच असें नाहीं. पण नखाला लागणारी रेघ प्रत्येक फेऱ्यास टक् केल्यावांचून राहत नाहीं. तबकडी लाखेची असेल, तर कुंभाराकडून मडकें घेणारी बाई जशी टिचकी मारून पाहते तशी तो हळूच टिचकी मारतो. न दिसणारा तडा बद्द आवाजावरून कळतो. शेवटीं तो चर जेथें संपतो तेथपासून लेबलापर्यंतची कोरी पट्टी डोळ्यांजवळ नेतो आणि तिच्यावर कोरलेले बारीक आंकडे वाचतो. एकच पद, एकाच गायकानें, त्याच दिवशीं दोन वेळां गाइलेलें असतें, आणि कोणत्या खेपेचें गाणें ह्या प्रतींत उतरलें आहे हें त्या आंकड्यांखेरीज दुसरें कोणी सांगत नाहीं.

ह्या गोष्टी पाहणाराला वेडगळ वाटतात. पण त्यांतील बहुतेकांना सबळ कारण आहे. लाखेची तबकडी केवळ लाखेची नसते. तिच्यांत दगडाची वस्त्रगाळ पूड आणि काजळी मिसळलेली असते. पोलादी सुईचें टोंक ह्या पुडीनें घांसून चरांत नीट बसावें अशी ती योजना होती, आणि म्हणूनच प्रत्येक बाजू वाजविल्यावर सुई बदलावी असा दंडक होता. काटकसरी घरांत एका सुईवर दहा-दहा बाजू निघत, आणि त्या काटकसरीची किंमत तबकडीनें भरली. १९४८ सालीं अमेरिकेंत कोलंबिया कंपनीनें मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी व्हायनिलची तबकडी काढली. ती मऊ, न फुटणारी आणि आवाजांत कमी खरखर करणारी होती; पण तिचे चर इतके बारीक, कीं तिची सुई इंचाच्या सुमारें एक-सहस्रांश रुंदीची, तर लाखेच्या तबकडीची तिच्या तिप्पट. एकीची सुई दुसरीवर ठेवणें म्हणजे तिचा घात करणें होय. यूरोप-अमेरिकेंत ७८ फेऱ्यांच्या तबकड्या १९६० च्या सुमारास जवळजवळ बंद झाल्या, तरी आपल्याकडे त्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत निघतच होत्या. म्हणून आपल्या जुन्या बाजारांत दोन्ही जाती एकाच ढिगांत, एकमेकींच्या अंगावर, उन्हापावसांत पडलेल्या असतात.

ह्यापुढच्या संवयी मात्र अशा रीतीनें समर्थनीय नाहींत. संग्रहांत असलेलीच तबकडी पुन्हां दिसली, कीं पहिलीहून थोडी बरी असेल म्हणून ती घेणें. पाकिटावर शिसपेनीनें तारीख आणि किंमत लिहून ठेवणें. आपण नसतांना कोणी यंत्रास हात लावूं नये असा घरांत कायदा करणें. रचनेच्या क्रमावरून मित्रांशीं भांडणें. माझ्या परिचयाचे एक गृहस्थ रागवारीनें तबकड्या लावतात आणि नाट्यपदांच्या मिश्र रागांपाशीं आले, कीं आठवडा-आठवडा अस्वस्थ असतात. दुसरे एक केवळ कंपनीच्या अनुक्रमांकानें लावतात. त्यांच्या कपाटांत अभंगाशेजारीं विनोदी संवाद आणि संवादाशेजारीं शहनाई सुखानें नांदते. मी स्वतः शिसपेनीच्या पंथाचा आहें.

ह्या मनोवृत्तीचें चित्रण इंग्रजींत निक हॉर्न्बी ह्यानें आपल्या ‘हाय फिडेलिटी’ ह्या १९९५ सालच्या कादंबरींत केलें आहे. तिचा नायक रॉब ह्याचें लंडनमध्यें तबकड्यांचें दुकान आहे. प्रेयसी सोडून गेल्यावर तो आपला सारा संग्रह खालीं काढतो आणि ज्या क्रमानें तबकड्या विकत घेतल्या त्या क्रमानें लावतो. आतां त्यांतील एखादी शोधावयाची, तर मालकाचें सारें चरित्र ठाऊक हवें. आणि तें ठाऊक असणारा मनुष्य जगांत एकच. वाल्टर बेन्यामिन ह्या जर्मन टीकाकारानें १९३१ सालीं आपल्या पुस्तकांच्या पेट्या सोडतांना लिहिलेल्या निबंधांतहि असाच विचार आहे: संग्राहकाच्या लेखीं वस्तूचा उपयोग गौण, तिच्याशीं गुंतलेली आठवण मुख्य, आणि मालक गेला कीं संग्रहाचा अर्थहि गेला.

हॉर्न्बीच्या कादंबरींतील सर्वांत चांगला प्रसंग मला वाटतो तो असा. एक बाई आपल्या नवऱ्याचा अत्यंत दुर्मिळ तबकड्यांचा संग्रह अवघ्या पन्नास पौंडांस विकावयास काढते. नवरा एका तरुण मुलीला घेऊन गेला आहे, आणि हा तिचा सूड आहे. रॉबला तो संग्रह हवाहवासा वाटतो; पण त्या किंमतीस तो घेववत नाहीं. संग्राहकाचा संग्राहकाशीं असलेला हा अबोल बंधुभाव लेखकानें अचूक पकडला आहे. तथापि ह्या प्रसंगांतच त्या दृष्टीची मर्यादाहि दिसून येते. रॉबच्या मनांत त्या अपराधी नवऱ्याचा विचार येतो, त्या संतप्त बाईचाहि येतो. ज्यांनीं त्या तबकड्यांत गाइलें त्यांचा विचार मात्र कोणाच्याच मनांत येत नाहीं. संग्रह हें केवळ आत्मचरित्र मानलें, कीं गाणें हें त्यांतील एक निमित्त उरतें. बेन्यामिनचा निबंध सुंदर आहे. पण छापील पुस्तकाची दुसरी प्रत दुसऱ्या ग्रंथालयांत असते, ही निश्चिंतता त्याच्या मागें आहे. लाखेच्या तबकडीच्या संग्राहकास ती नाहीं. त्याच्या हातांतली प्रत कदाचित् शेवटची असेल.

म्हणूनच ह्या क्षेत्रांत दुर्मिळतेला भलतें महत्त्व आलें. आणि संग्राहकाच्या रुचीस जो खरा रोग जडला आहे तो हा होय. ह्याचें शिक्षणप्रद उदाहरण अमेरिकेंतील नीग्रो लोकांच्या ‘ब्लूज’ गाण्याचें आहे. विस्कॉन्सिन परगण्यांतील एका खुर्च्यांच्या कारखान्यानें ग्रामोफोनचीं लांकडी कपाटें खपावींत म्हणून ‘पॅरामाउंट’ नांवानें तबकड्या काढल्या. लांकूडकामाचें शेपूट म्हणून निघालेल्या त्या तबकड्यांत दक्षिणेकडील खेडवळ गायकांचे कांहीं अलौकिक आवाज बंदिस्त झाले. पुढें १९४२ सालीं युद्धामुळें लाख मिळेनाशी झाली, तेव्हां नवी तबकडी हवी असल्यास जुनी आणून द्या असा त्या देशांत नियम झाला, आणि असंख्य जुन्या तबकड्या दळल्या गेल्या. १९४४ सालीं जेम्स मक्यून नांवाच्या एका गरीब, एकलकोंड्या संग्राहकास न्यूयॉर्कच्या एका दुकानांत चार्ली पॅटन ह्याची झिजून गेलेली एक तबकडी मिळाली. वसतिगृहांतील एका खोलींत राहणारा, पलंगाखालच्या खोक्यांत आपली संपत्ति ठेवणारा हा मनुष्य त्या खरखरींतून येणाऱ्या आवाजानें भारला गेला. आणि त्याच्या भोंवतीं जमलेल्या मित्रमंडळीनें मिसिसिपीच्या खोऱ्यांतील हे एकटे, रडवे, ओबडधोबड पुरुषी आवाज हेंच खरें ‘ब्लूज’ असा सिद्धांत रूढ केला.

हा सिद्धांत इतका फैलावला, कीं त्यास आव्हान मिळण्यास अर्धें शतक लोटावें लागलें. मेरीबेथ हॅमिल्टन ह्या विदुषीनें २००७ सालच्या आपल्या ग्रंथांत असें प्रतिपादन केलें आहे, कीं ही परंपरा बऱ्याच अंशीं ह्या गोऱ्या संग्राहकांनीं आपल्या रुचीनें घडविली. ज्या काळीं हे आवाज मुद्रित झाले, त्या काळीं नीग्रो श्रोते बेसी स्मिथसारख्या गायिकांच्या तबकड्या हजारोंनीं विकत घेत होते. त्या कोठेंहि मिळत, म्हणूनच संग्राहकानें त्या खोक्यांत परत टाकल्या. स्किप जेम्सच्या १९३१ सालच्या तबकड्या फारशा खपल्या नाहींत, म्हणून त्या दुर्मिळ; आणि दुर्मिळ म्हणून त्या थोर. स्किप जेम्स थोर होता हें मी नाकारीत नाहीं. पण त्याची थोरवी सिद्ध करण्याचा हा मार्ग तर्कदुष्ट आहे. खप झाला नाहीं ह्यावरून गुण सिद्ध होत नाहीं, आणि खप झाला ह्यावरून उणेपणाहि सिद्ध होत नाहीं. ह्याच्या उलट हॅरी स्मिथनें १९५२ सालीं स्वतःच्या संग्रहांतून ८४ मुद्रणें निवडून जें लोकगीतांचें संकलन प्रसिद्ध केलें, त्यांत गोरे-काळे असा भेद न करतां, भजन, पोवाड्यासारखीं कथागीतें आणि नाचाचीं गाणीं शेजारीं-शेजारीं बसविलीं. संग्राहकाच्या संवयींतून टीकेचा उत्तम ग्रंथ निघूं शकतो, ह्याचा तो पुरावा आहे. आणि तो ग्रंथ तबकड्यांच्या मूल्यावर रचलेला नसून परस्परसंबंधावर रचलेला आहे.

आतां आपल्या घरीं येऊं. आपल्याकडील संग्राहकाची श्रेणी ठरलेली आहे. वर ख्यालगायक, त्यांतहि ज्यांच्या तबकड्या थोड्या ते अगदीं वर, त्यांच्याखालीं नाट्यसंगीत, मग भावगीत, आणि तळाशीं लावण्या, पोवाडे, कीर्तनें, नाटकांतील प्रवेश, विनोदी संवाद. ह्या तळाच्या वर्गाच्या तबकड्या मीं स्वतः ढिगांत उपेक्षित पडलेल्या पाहिल्या आहेत. विक्रेताहि त्या वजनावर देण्यास तयार असतो. पण मराठी बोलण्याचे, हेल काढण्याचे, हंसण्याचे, प्रेक्षकांस चुचकारण्याचे जे प्रकार शंभर वर्षांपूर्वीं प्रचारांत होते, ते ख्यालाच्या तबकडींत कोठून ऐकूं येणार? ते ह्या हलक्या मानलेल्या तबकड्यांतच आहेत. आणखी कांहीं वर्षांनीं ख्यालाच्या प्रत्येक तबकडीच्या चार प्रती जपून ठेवलेल्या असतील आणि एखाद्या संवादाची एकहि उरलेली नसेल. तेव्हां ह्या श्रेणीची किंमत आपणांस कळेल.

परंतु ह्याहूनहि सूक्ष्म असा एक दोष आहे, आणि तो सांगण्यासाठींच मुख्यतः हा लेख लिहिला आहे. संग्राहक नेहमी निर्दोष प्रतीच्या शोधांत असतो. जिच्यावर एकहि रेघ नाहीं, पाकीट फाटलेलें नाहीं, लेबलावर सुईच्या दांड्याचे ओरखडे नाहींत, अशी तबकडी त्याला मिळाली, कीं तो ती घरीं नेऊन मित्रांस दाखवितो. थोडा विचार केल्यास ह्या आनंदांतील विसंगति ध्यानांत येईल. तबकडी निर्दोष कां राहिली? एखाद्या श्रीमंताच्या घरीं ती काळजीपूर्वक वाजविली गेली असेल, अथवा दुकानांतील न विकलेला माल असेल. पण पुष्कळदां खरें कारण एवढेंच असतें, कीं ती कोणास आवडली नाहीं. जी आवडली ती गणपतींत वाजली, लग्नांत वाजली, हॉटेलांत गिऱ्हाइकांच्या फर्माइशीनें दिवसांतून वीस वेळां वाजली, आणि झिजली. काळाच्या चाळणींतून लोकांस नावडतें तें शाबूत आणि आवडतें तें जर्जर होऊन बाहेर पडतें. ह्या चाळणीचा हिशेब न करतां केवळ शाबूत प्रतींवरून त्या काळच्या रुचीचा इतिहास लिहूं जाणारा मनुष्य नेमका उलटा इतिहास लिहील.

झिजलेली तबकडी हा म्हणूनच एक पुरावा आहे. आणि पुरावा म्हटला कीं तो वाचतां आला पाहिजे. मोठ्या आवाजांतील जागा आणि लेबलाजवळचे आंतले चर मुळांतच लवकर झिजतात, एवढें आधीं वजा केलें पाहिजे. पण मधल्याच एखाद्या ठिकाणीं, जेथें झिजण्याचें कांहीं यांत्रिक कारण नाहीं तेथें, सुई पुनःपुन्हां टेकविल्याच्या बारीक खुणा सांपडल्या, तर तेथें कोणी तरी एखादी जागा गळ्यांत बसवीत होता असें खुशाल समजावें. गुरूच्या घरीं राहण्याची ऐपत नसलेल्या किती एकलव्यांनीं ह्या काळ्या पुतळ्यापुढें विद्या केली असेल! भीमसेन जोशी ह्यांनीं लहानपणीं एका दुकानांत अब्दुल करीमखाँसाहेबांची झिंझोटीची ठुमरी तबकडीवर ऐकली आणि पुढें गुरूच्या शोधांत त्यांनीं घर सोडलें, ही हकीकत त्यांनीं स्वतः अनेकदां सांगितली आहे. त्या दुकानांतील ती प्रत आज एखाद्या ढिगांत असलीच, तर तिचे चर पांढरे पडलेले असतील आणि कोणताहि चोखंदळ संग्राहक तिला हात लावणार नाहीं. तरी मराठी आणि कानडी मुलखाच्या संगीताच्या इतिहासांत त्या प्रतीएवढें काम केलेली दुसरी तबकडी दाखवितां येईल काय?

येथें एक आक्षेप येईल. झिजलेली तबकडी पुरावा असेल, पण ती ऐकावयाची कशी? गाणें हें ऐकण्यासाठीं असतें, पुराव्यासाठीं नव्हे. आक्षेप रास्त आहे. ऐकण्यासाठीं चांगली प्रत शोधावी, ह्यांत वाद नाहीं. माझें म्हणणें इतकेंच, कीं चांगली प्रत आणि चांगलें गाणें ह्या दोन गोष्टींचा घोंटाळा होऊं नये. तो होतो, आणि आणखी एक घोंटाळा त्याच्या पोटांतून जन्म घेतो: तबकडी आणि गायकी एकच मानण्याचा. रहिमतखाँ १९२२ सालीं वारले. विजेच्या साह्यानें ध्वनिमुद्रण १९२५ नंतर सुरू झालें. म्हणजे त्यांच्या तबकड्या कर्ण्यापुढें तोंड करून गाइलेल्या, आणि त्याहि उतारवयांतल्या. तीन-साडेतीन मिनिटांत, यांत्रिक कर्ण्याच्या अरुंद घशांतून जें बाहेर पडलें, त्यावरून त्या गायकाची उंची मोजणारे टीकाकार मीं वाचले आहेत. अल्लादियाखाँसाहेबांनीं तर तबकडी दिलीच नाहीं. केवळ कपाटावरून इतिहास रचावयाचा, तर जयपूर घराण्याच्या ह्या मूळ पुरुषास त्यांत जागाच उरणार नाहीं. संग्राहकानें आपल्या संग्रहाची यादी करतांना तींत न मिळणाऱ्या आवाजांसाठीं एक कोरें पान सोडावें, असें मी गंभीरपणें सुचवितों.

उलट कांहीं गाण्यांच्या बाबतींत तबकडी हेंच मूळ रूप होय, हेंहि विसरूं नये. ना. घ. देशपांडे ह्यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी ह्यांनीं १९३२ सालीं तबकडीवर गाइली; आणि भावगीत म्हणून जो प्रकार पुढें आपल्याकडे बहरला, त्याचा आकार, त्याचीं दोन-तीन कडवीं, त्याचा बेतशीर वाद्यमेळ, हें सारें तबकडीच्या एका बाजूच्या मापानें बेतलेलें आहे. ख्याल तबकडींत कोंबला गेला. भावगीत तिच्यांत जन्मलें. दोहोंस एकच कसोटी लावणें हा अन्याय आहे, आणि तो उभय पक्षीं होतो.

संग्राहकाच्या एका संवयीचें ह्या संदर्भांत कौतुक केलें पाहिजे. जुनी तबकडी वाजविण्यापूर्वीं तो स्वरपेटी जवळ घेतो. मिनिटाला ७८ फेरे हा नियम बऱ्याच उशिरां स्थिर झाला. आरंभींच्या तबकड्या थोड्या कमी-अधिक गतीनें मुद्रित होत. गति शेंकडा सहांनीं वाढली, कीं सारें गाणें एका पट्टीनें वर चढतें. ७४ फेऱ्यांनीं मुद्रित झालेली तबकडी ७८ नें फिरविली, कीं पांढरी चारांतला गायक जवळजवळ काळी तिनांत गाऊं लागतो. आवाज पातळ होतो, तान आहे त्याहून चपळ भासते, आणि वृद्धाचा तरुण होतो. अमुक गायकाचा आवाज बायकी होता, अमक्याची तान विजेसारखी होती, असे अभिप्राय देण्यापूर्वीं किती समीक्षकांनीं ही गति तपासली असेल? ह्या बाबतींत अक्षरशत्रू मानला गेलेला संग्राहक आम्हां अध्यापकांपेक्षां अधिक शास्त्रशुद्ध आहे, हें मान्य करावें लागतें.

आज बरेंचसें जुनें गाणें संगणकावर फुकट ऐकावयास मिळतें. मग ह्या जड, ठिसूळ वस्तू संभाळण्याचें प्रयोजन काय, असें कोणी विचारील. पहिलें प्रयोजन वर सांगितलेंच: गति, खेप, झीज हे पुरावे वस्तूवर असतात, नकलेवर नसतात. दुसरें असें, कीं नक्कल करणारा खरखर काढून टाकतांना तिच्याबरोबर आवाजाची धारहि पुष्कळदां काढून टाकतो, आणि पुढें अधिक चांगली नक्कल करावयाची वेळ आली तर मूळ वस्तु लागते. तिसरें प्रयोजन नैतिक आहे. फुकट मिळालेलें गाणें पहिल्या ओळींतच सोडून दुसऱ्याकडे जातां येतें. तबकडी पुसून, सुई टेकवून, उभ्या उभ्या ऐकणारा मनुष्य निदान तिची एक बाजू तरी संपवितो. आणि रसिकतेचा आरंभ संयमांत आहे, हें काव्याच्या अध्यापकानें निराळें सांगावयास नको.

परंतु ह्या प्रयोजनांबरोबर कर्तव्येंहि येतात. आपला संग्रह कुलुपांत ठेवून, आपल्याजवळ काय आहे ह्याचा पत्ताहि दुसऱ्यास लागूं न देणारे धनाढ्य मीं पाहिले आहेत. त्यांच्या पश्चात् वारसांस त्या ढिगाचा अर्थ लागत नाहीं, घर रिकामें करावयाचें असतें, आणि भंगारवाला दारांत उभा असतो. हॉर्न्बीच्या त्या बाईनें सूडानें जें केलें, तें आपल्याकडे केवळ अज्ञानानें घडतें. ह्यावर उपाय अगदीं साधा आहे: यादी. गायक, पद, कंपनी, अनुक्रमांक, कोऱ्या पट्टीवरील आंकडे आणि प्रतीची अवस्था, एवढें वहींत उतरवावें आणि ती वही चार जाणकारांस द्यावी. मुंबईस १९९० सालीं स्थापन झालेल्या हिंदी तबकडी-संग्राहकांच्या मंडळानें आपल्या नियतकालिकांतून अशा याद्या आणि माहिती प्रसिद्ध केली. मायकेल किनियर ह्यानें १८९९ ते १९०८ ह्या काळांतील हिंदी मुद्रणांची सूचि १९९४ सालीं ग्रंथरूपानें छापली. असलें रुक्ष काम हीच संग्राहकाच्या टीकेची खरी परिणति होय. ज्याचा छंद यादीपर्यंत पोंचला नाहीं, त्याचा संग्रह म्हणजे केवळ सांठा.

शेवटीं एका तबकडीची गोष्ट सांगतों. ती वरील विवेचनाच्या समर्थनार्थ आहे. १९७७ सालीं ‘व्हॉयेजर’ हीं दोन यानें सूर्यमालेच्या पलीकडे जाण्यासाठीं निघालीं, तेव्हां पृथ्वीवरील संगीताचे २७ नमुने सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर त्यांच्याबरोबर पाठविण्यांत आले. हिंदुस्थानच्या वतीनें निवड झाली ती गोव्यांतील केरी गांवच्या केसरबाई केरकरांच्या भैरवीची. रॉबर्ट ब्राउन ह्या संगीतज्ञानें ती सुचविली. पण तबकडी बाजारांत मिळेना. शेवटीं न्यूयॉर्कमध्यें एका हिंदी कुटुंबाच्या दुकानांत, खोक्यांत धूळ खात पडलेल्या तिच्या प्रती सांपडल्या. त्यांपैकीं ‘व्हॉयेजर १’ हें यान ५ सप्टेंबरला सुटलें, आणि त्याच महिन्याच्या १६ तारखेस केसरबाई निवर्तल्या. येथें क्रम लक्ष्यांत घेण्यासारखा आहे. कोणी खोकें उघडलें, दुर्मिळ वस्तु मिळाली, म्हणून ती थोर ठरली, असें झालें नाहीं. एका जाणत्या कानानें आधीं गाणें निवडलें, आणि मग कोणी तरी त्यासाठीं खोकीं धुंडाळलीं. निवड आधीं, शोध मागाहून.

हा क्रम आपल्या संग्राहकांनीं पाळला, लावणी आणि संवाद ह्यांच्या तबकड्यांकडे थोडें वांकून पाहिलें, झिजलेली प्रत परत टाकण्यापूर्वीं ती कोणी झिजविली असेल एवढा विचार केला आणि वहींत चार ओळी लिहून ठेवल्या, तर त्यांच्या चमत्कारिक संवयींबद्दल त्यांस कोणी हंसण्याचें कारण नाहीं. घरांत पाय ठेवावयास जागा नसली तरी ती तक्रार त्यांच्या कुटुंबाची. साहित्याची आणि संगीताची नव्हे.